नैनसुख : एका दरबारी चित्रकाराचे जीवन आणि चरित्रसाधनांचा प्रश्न

१

चरित्रवाङ्मयाचा विचार करताना साधनांचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. राजवाड्यांपासून दृढ झालेल्या मराठी इतिहाससंशोधनाच्या परंपरेने दप्तरे, पत्रे, महजर, शकावल्या यांना साधनांमध्ये अग्रस्थान दिले आणि आपल्या चरित्रकारांनीही बहुतांशी तीच शिस्त स्वीकारली. ज्याच्या हातचा कागद उपलब्ध आहे, किंवा ज्याच्याविषयी समकालीनांनी काही लिहून ठेवले आहे, त्याचे चरित्र लिहावयाचे, असा संकेत त्यातून रूढ झाला. या शिस्तीचे मोल वादातीत आहे. परंतु तिच्यामुळे एक मोठा वर्ग चरित्राच्या कक्षेबाहेर राहिला, हेही मान्य करावे लागते. मूर्तिकार, पाथरवट, तांबट, सुतार, चितारी हे लोक आपल्या हातची कामे मागे ठेवून गेले. त्यांचे कागद मात्र मागे राहिले नाहीत. त्यांच्या कृतींवर नाव राहिले ते बहुधा आश्रयदात्याचे.

अठराव्या शतकातील पहाडी चित्रकार नैनसुख याचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. इ. स. १७१० च्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याच्या गुलेर या लहानशा संस्थानात जन्मलेला, आयुष्याची उमेदीची वीस-बावीस वर्षे जसरोटा येथील एका राजपुरुषाच्या सेवेत घालविलेला आणि १७७८ मध्ये निधन पावलेला हा चित्रकार आज भारतीय व्यक्तिचित्रणातील श्रेष्ठ कलावंतांपैकी एक मानला जातो. त्याने ना पत्रे ठेवली, ना आत्मवृत्त. एका तीर्थोपाध्यायाच्या वहीतील स्वहस्ते केलेली नोंद, काही चित्रांवरील त्रोटक लेख आणि खुद्द चित्रे, एवढ्या सामग्रीवर त्याचे चरित्र उभे राहिले आहे. ते कसे उभे राहिले, आणि त्यातून मराठी चरित्रलेखनाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम त्याचा जीवनक्रम पाहणे इष्ट ठरेल.

२

गुलेर हे कांगड्याच्या कटोच राजघराण्याच्या एका शाखेने पंधराव्या शतकात स्थापिलेले संस्थान. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात बाणगंगेच्या काठी हरिपूर-गुलेर येथे त्याच्या खुणा पाहावयास मिळतात. विस्ताराने अगदी लहान असलेल्या या संस्थानाच्या राजांनी मुघलांच्या सैन्यात चाकरी केली होती. त्यामुळे दिल्ली-आग्र्याकडील दरबारी रीतिरिवाज, पोशाख आणि चित्रे यांचा परिचय या डोंगरी मुलखाला होत राहिला. नैनसुखाच्या बालपणी आणि तारुण्यात गुलेरच्या गादीवर राजा दलीपसिंह होता.

याच गावी पंडित सेऊ नावाचा चित्रकार आपले घर आणि आपली चित्रशाळा एकाच छपराखाली चालवीत होता. नावापुढील पंडित या शब्दावरून त्याच्या जातीविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. तीर्थक्षेत्रांच्या वह्यांत या कुटुंबाची नोंद तरखाण, म्हणजे सुतार, अशी आहे. लाकडावर काम करणाऱ्या हातांनी कुंचला धरला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो खाली ठेवला नाही, असा या घराण्याचा इतिहास दिसतो. सेऊला दोन पुत्र झाले. थोरला मानकू, आणि त्याच्याहून सुमारे दहा वर्षांनी लहान असलेला नैनसुख.

अशा घरात शिक्षण म्हणजे कामच. कागदाचे थर चिकटवून जाड पत्र तयार करणे, ते गुळगुळीत दगडाने घोटणे, खनिजे कुटून रंग करणे, खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले बांधणे, बाह्यरेषेवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन पुन्हा रेषा काढणे, ही सारी कामे मुलांच्या वाट्याला वयाप्रमाणे येत. वडिलांच्या आणि भावाच्या चित्रांचे खाके घरात असत. त्यांवरून गिरवीत गिरवीत रेषा हाताला बसे. एक चित्र अनेक हातांतून जाई, आणि म्हणूनच त्यावर एकाचे नाव घालण्याची गरज भासत नसे.

थोरल्या भावाचे कर्तृत्व मोठे होते. जयदेवाच्या गीतगोविंदावरील १७३० मधील प्रसिद्ध चित्रमालिका मानकूच्या नावाने ओळखली जाते. या मालिकेच्या अखेरीस असलेल्या संस्कृत श्लोकात मानकूचे नाव येते. परंतु ते चित्रकाराचे मानावे की चित्रे करवून घेणाऱ्या एखाद्या आश्रयदात्रीचे, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. एका श्लोकाच्या अन्वयावर एका कलावंताचे अस्तित्व अवलंबून राहावे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला विशेष बोधप्रद वाटेल. पुढे हरिद्वारच्या वहीत १७३६ मध्ये मानकूने केलेली नोंद हाती आली आणि गुलेरनिवासी, सेऊपुत्र मानकू हा चितारीच होता, हे स्पष्ट झाले.

मानकूची चित्रे परंपरेच्या मूळ प्रवाहातली. सपाट, तेजस्वी रंगांची पार्श्वभूमी, निश्चयी बाह्यरेषा, भावापेक्षा कल्पनेच्या भव्यतेवर भर, हे त्यांचे विशेष. धाकट्या भावाचा ओढा प्रारंभापासून वेगळा दिसतो. त्याला आकर्षण होते ते समोर दिसणाऱ्या माणसाचे. लांब तुताऱ्या फुंकणाऱ्या पहाडी वादकांचे त्याचे एक प्रारंभीचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यातील वादकांचे गाल फुगलेले आहेत, माना ताणल्या आहेत. वाद्य सारखे असले तरी प्रत्येकाचा फुंकण्याचा आयास निराळा आहे. त्याच सुमाराचे, १७३० च्या आसपासचे, त्याचे एक आत्मचित्रही उपलब्ध आहे. ज्या परंपरेत चित्रकार आपले नावही घालीत नसे, तीत विशीतल्या तरुणाने स्वतःचाच चेहरा रेखाटावा, ही घटना सामान्य नव्हे.

मुघल शैलीशी नैनसुखाचा परिचय कोठे आणि कसा झाला, याविषयी एक सुलभ उत्तर पूर्वी दिले जात असे. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, तेथील चित्रकार देशोधडीला लागले आणि त्यांनी डोंगरात येऊन नवी शैली रुजविली, असे ते उत्तर होते. परंतु नैनसुखाच्या प्रारंभीच्या चित्रांत ही नवी दृष्टी नादिरशहाच्या स्वारीपूर्वीच दिसू लागते. बाहेरून आलेले संस्कार त्याने घरच्या रेषेत मुरवून घेतले, असे म्हणणे अधिक युक्त ठरते.

३

१७४० च्या सुमारास नैनसुखाने गुलेर सोडले. रावी ओलांडून तो जसरोट्यास गेला. हे ठिकाण आजच्या जम्मू-काश्मीरमधील कठुआ जिल्ह्यात येते. घरची चित्रशाळा थोरल्या भावाच्या हाती होती. लहान संस्थानात दोन मोठ्या चित्रकारांना पुरेल इतके काम असणेही कठीण. अशा परिस्थितीत धाकट्याने नव्या आश्रयाच्या शोधात बाहेर पडावे, हे त्या काळच्या कारागीर कुटुंबांच्या रीतीला धरूनच होते. जसरोट्यास प्रथम मियाँ जोरावरसिंह आणि नंतर त्याचा पुत्र बलवंतसिंह यांची सेवा त्याने पत्करली. मियाँ ही उपाधी डोंगरी राजघराण्यांतील राजपूत पुरुषांना लावली जात असे.

बलवंतसिंहाचा जन्म १७२४ चा. म्हणजे आश्रयदाता चित्रकाराहून चौदा-एक वर्षांनी लहान होता. मोठे राज्य, मोठी फौज, मोठा खजिना यांपैकी काहीही त्याच्यापाशी नव्हते. इतिहासाच्या पानांत त्याचे नाव येण्यासारखे कर्तृत्वही त्याच्या हातून घडले नाही. किंबहुना तो कोण, हेच बरीच वर्षे निश्चित नव्हते. त्याची चित्रे प्रसिद्धीस आली तेव्हा तो जम्मूचा राजा रणजित देव याचा भाऊ असावा, असा समज होता. तो जसरोटा घराण्यातील होता, हे पुढील संशोधनाने सिद्ध केले. तात्पर्य, ज्या राजपुरुषाची ओळख इतिहासकार विसरले होते, त्याच्या देहाची ठेवण, बसण्याची ढब, हुक्क्याची नळी धरण्याची तऱ्हा आणि वयाबरोबर बदलत गेलेला चेहरा आपणांस नैनसुखामुळे परिचित आहे. अठराव्या शतकातील फारच थोड्या भारतीय पुरुषांविषयी असे म्हणता येईल.

४

दरबारी व्यक्तिचित्राचे एक ठरलेले प्रयोजन असते. राजा कसा दिसतो यापेक्षा राजा कसा दिसावा, हे त्याने सांगावयाचे असते. सिंहासन, छत्र, चवरी, मस्तकाभोवतीचे प्रभावलय, दोन्ही बाजूंस हात बांधून उभे राहिलेले मानकरी, ही त्याची परिभाषा. मुघल चित्रशाळांनी ती पूर्णत्वास नेली आणि प्रादेशिक दरबारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तिचे अनुकरण केले. चेहरा प्रायः एकचश्मी, म्हणजे एका बाजूने दिसणारा. नैनसुखाने या परिभाषेचा त्याग केला नाही. त्याच्या चित्रांतही बलवंतसिंह गादीवर बसून नृत्यगायन पाहतो, घोड्याची पारख करतो, शिकारीस जातो, नव्या वाड्याचे बांधकाम चालू असता त्याची पाहणी करतो. हे सारे राजपुरुषाला साजेसेच विषय होत.

परंतु या चित्रांच्या जोडीस दुसरी काही चित्रे आहेत, आणि त्यांनीच नैनसुखाचे स्थान निश्चित केले आहे. एका चित्रात बलवंतसिंह दाढी नीट करून घेत बसला आहे. दुसऱ्या एका चित्रात तो छावणीतील तंबूत एकटाच काही लिहीत बसलेला दिसतो. कोठे तो पूजेत मग्न आहे. कोठे थंडीच्या दिवसांत रजई लपेटून शेगडीपुढे बसला आहे. या प्रसंगांत प्रजेने पाहावे असे काही नाही. राजपदाचे तेज वाढविण्यास त्यांचा काडीमात्र उपयोग नाही. तरीही ते चित्रित झाले, ही गोष्ट आश्रयदाता आणि चित्रकार या दोघांच्याही संबंधावर प्रकाश टाकते. आश्रयदात्याने आपल्या खाजगी क्षणांत चित्रकाराला प्रवेश दिला, आणि चित्रकाराने त्या विश्वासाचा उपयोग स्तुतीसाठीही केला नाही आणि उपहासासाठीही केला नाही.

या चित्रांची रचनाही अभ्यसनीय आहे. नैनसुख पार्श्वभूमी बहुधा मोकळी ठेवतो. मानकूच्या चित्रांतील प्रखर रंगांच्या जागी त्याच्याकडे कागदाच्या मूळ वर्णाशी मिळताजुळता फिका रंग येतो. पुष्कळदा रेखाटन तपकिरी रेषेत तसेच ठेवून रंगाचा अल्प स्पर्श दिलेला असतो. या मोकळ्या अवकाशात माणसे सुटी सुटी उभी राहतात आणि त्यांच्यातील अंतरालाच अर्थ प्राप्त होतो. सेवकही त्याच्या चित्रांत केवळ संख्या भरून काढण्यासाठी येत नाही. मोरचेल धरणारा, हुक्का भरणारा, सारंगी वाजविणारा, प्रत्येकाला स्वतःचे नाक, स्वतःचा पाठीचा बाक आणि स्वतःचा कंटाळा किंवा कौतुक आहे. काही चित्रांवर टाकरी लिपीत व्यक्तींची नावेही लिहिलेली आढळतात. दरबाराच्या उतरंडीत ज्यांचे स्थान खालचे, त्यांनाही चेहरा देणे, हे या चित्रकाराचे वैशिष्ट्य म्हणून नोंदविले पाहिजे.

आणखी एका चित्राचा येथे निर्देश करणे आवश्यक आहे. झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयातील या चित्रात बलवंतसिंह एक चित्र हातात घेऊन पाहत आहे आणि ते सादर करणारा चित्रकार तेथेच उपस्थित आहे. चित्र, ते पाहणारा आणि ते काढणारा, अशी तिन्ही एका चौकटीत आली आहेत. आपले काम दुसरा पाहत असताना कलावंताच्या मनाची जी अवघडलेली स्थिती होते, तिची ही कबुली म्हणावी लागेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील चित्रात बलवंतसिंहापुढे साक्षात राधाकृष्ण अवतरले आहेत. त्यातील राजपुरुषही तोच, नेहमीच्या चेहऱ्याचा आणि नेहमीच्या देहाचा. दिव्य दर्शन घडत असतानाही त्याचे रूप चित्रकाराने बदललेले नाही.

हे सर्व सांगताना एक दक्षता घेतली पाहिजे. नैनसुखाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रांपैकी त्याच्या नावाचा लेख असलेली चित्रे अगदी मोजकी आहेत. उरलेली चित्रे रेषेचे वळण, विषय आणि बलवंतसिंहाची उपस्थिती यांच्या आधारे त्याची ठरविली गेली आहेत. एखाद्या अभंगात नाममुद्रा नसेल तर भाषेवरून कर्तृत्व ठरविताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही बाळगणे प्राप्त आहे. शिवाय चित्रातील बलवंतसिंह उदास दिसतो, म्हणून तो त्या वर्षी दुःखी होता, असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते. चित्र हे घटनेचे प्रमाणपत्र मानता येत नाही. ते पाहणाऱ्याच्या दृष्टीचे प्रमाण असते. नैनसुख काय पाहत होता आणि कसे पाहत होता, एवढे या चित्रांवरून निश्चितपणे सांगता येते. एका चित्रकाराच्या चरित्रात हा भागच सर्वांत महत्त्वाचा असल्याने ही मर्यादा फारशी जाचक वाटू नये.

५

१७६३ मध्ये बलवंतसिंह वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी निधन पावला. त्याच्या अस्थी हरिद्वारला नेण्यात आल्या आणि त्या नेणाऱ्या मंडळींत नैनसुख होता. अस्थी घेऊन निघालेल्या या मंडळींच्या वाटेवरील मुक्कामाचे एक चित्र त्याचे मानले जाते. जवळजवळ एक तप दुणे ज्याचा चेहरा रेखाटला, त्याचा चेहरा आता चित्रात नाही. जो देह गादीवर, घोड्यावर, तंबूत आणि रजईत रेखाटला गेला होता, त्याच्या जागी अस्थी आल्या. या चित्रात आक्रोश नाही. प्रवासातील थकलेली माणसे आहेत.

हरिद्वारला पोहोचल्यावर नैनसुखाने आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायाची वही काढवून घेतली. या वह्यांना तिकडे बही म्हणतात. यात्रेकरूने आपले गाव, जात, पूर्वजांची व मुलाबाळांची नावे, येण्याचे कारण हे सर्व त्यात लिहावयाचे, आणि पुढच्या पिढीतील कोणी आला की उपाध्यायाने ते त्याला वाचून दाखवावयाचे, अशी ही व्यवस्था. नैनसुखाने टाकरी लिपीत स्वहस्ते नोंद केली. आणि नोंदीबरोबर एक लहानसे रेखाचित्रही त्या वहीत काढले. शेकडो यात्रेकरूंनी ज्या वहीत केवळ नावे लिहिली, तीत या माणसाने आपली ओळख आपल्या रेषेने पटविली. त्याच्या जीवनातील दिनांकासह निश्चित सांगता येणाऱ्या घटना थोड्या; त्यांत ही सर्वांत बोलकी होय.

६

बलवंतसिंहाच्या पश्चात नैनसुख बसोहलीचा राजा अमृतपाल याच्या आश्रयास गेला. रावीच्या काठचे बसोहली हे चित्रकलेचे जुने केंद्र. अमृतपाल धर्मनिष्ठ होता आणि त्याच्या दरबारात व्यक्तिचित्रांपेक्षा धार्मिक व काव्यविषयक चित्रांना मागणी होती. आयुष्याच्या या उत्तरकाळात नैनसुखाने गीतगोविंदासारख्या ग्रंथांवरील चित्रांकडे लक्ष वळविले. तरुणपणी ज्या विषयावर थोरल्या भावाने आपली कीर्ती उभारली, त्याच विषयाकडे धाकटा वार्धक्यात आला, असे येथे दिसते. मात्र तो रिकाम्या हाताने आला नव्हता. जसरोट्यास जिवंत माणसे न्याहाळीत घालविलेली वर्षे त्याच्यासोबत होती. गोपी, सखी, कृष्ण यांच्या देहांत वजन, वळणांत सहजता आणि नजरेत परस्परांविषयीची जाण आली, ती या निरीक्षणातून.

१७७८ मध्ये नैनसुखाचे निधन झाले. त्याला कामा, गौधू, निक्का आणि रांझा असे चार पुत्र होते. मानकूला फत्तू आणि खुशाला असे दोन. या सहा चुलतभावांच्या पिढीने जी चित्रे निर्माण केली, ती आज कांगडा शैली या नावाखाली जगभर ओळखली जातात. मृदू रेषा, शांत निसर्ग, स्त्रीरूपांचे लालित्य हे या शैलीचे विशेष मानले जातात. त्यांच्या मुळाशी नैनसुखाची रेषा आहे. म्हणजे वैयक्तिक आश्रयदात्याच्या खाजगी चित्रांसाठी घडलेली दृष्टी पुढील पिढीत भक्तिकाव्याच्या चित्रणाची दृष्टी झाली. आपल्या चित्रांतून माणसे वेगळी दाखविणाऱ्या या चित्रकाराचे स्वतःचे वेगळेपण मात्र वारसांच्या सामूहिक कर्तृत्वात विरून गेले.

७

ते पुन्हा हाती कसे लागले, हा या चरित्राचा उत्तरार्ध होय. आनंद कुमारस्वामी यांनी १९१६ मध्ये राजपूत चित्रकलेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पहाडी चित्रांचे जम्मू व कांगडा असे दोन गट कल्पिले. पुढे मुंबईचे कायदेपंडित व कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांचा १९५८ चा ग्रंथ आणि डब्ल्यू. जी. आर्चर यांचा १९७३ चा बृहद्ग्रंथ यांनी या चित्रांचा अभ्यास फार पुढे नेला. मात्र वर्गीकरणाचे एकक मुख्यतः संस्थान हेच राहिले. गुलेर शैली, बसोहली शैली, जम्मू शैली अशी नावे पडली. एखादा चितारी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेला की त्याचे चित्र दुसऱ्या शैलीत जमा होई.

ब. ना. गोस्वामी यांनी १९६८ मध्ये मार्ग या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात ही मांडणी मुळापासून बदलली. पहाडी चित्रकलेत शैलीचा आधार दरबार नसून चित्रकाराचे कुटुंब आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यासाठी त्यांनी हरिद्वार व अन्य तीर्थक्षेत्रांच्या बही, इंग्रजी अमदानीतील जमीनबंदोबस्ताच्या वंशावळी आणि चित्रांवरील लेख यांचा ताळा जमविला. सेऊ, मानकू, नैनसुख आणि त्यांची मुलेनातवंडे यांचा वंशवृक्ष त्यातून उभा राहिला. १९९७ मध्ये नैनसुखावरील त्यांचा स्वतंत्र ग्रंथ झुरिकहून प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये अमित दत्ता यांनी या चित्रांच्या आधारे एक चित्रपटही निर्माण केला. गोस्वामी २०२३ मध्ये निवर्तले. एका विस्मृत चित्रकाराला नाव, घर आणि आयुष्य परत मिळवून देणे, हे त्यांच्या संशोधनाचे एक स्थायी फळ होय.

या संशोधनातील पद्धतीचे मर्म असे की, संशोधकाने साधनाची व्याख्याच विस्तृत केली. धर्मकृत्यासाठी ठेवलेली वही आणि महसुलासाठी केलेली वंशावळ ही कलेच्या इतिहासाची साधने आहेत, असे त्यापूर्वी फारसे कोणास वाटले नव्हते.

८

मराठी अभ्यासकाला या चरित्रातून काय घेता येईल? नैनसुखाच्या हयातीतच आपल्याकडे महिपतीबोवा ताहराबादकर संतचरित्रे लिहीत होते. त्यांचा भक्तविजय १७६२ मध्ये, म्हणजे नैनसुख हरिद्वारला जाण्याच्या आदल्या वर्षी, पूर्ण झाला. ज्यांच्याविषयी दरबारी कागद नव्हता, अशा कुंभार, शिंपी, माळी, चांभार संतांची चरित्रे महिपतींनी लिहिली. त्यासाठी पूर्वीचे भक्तग्रंथ, संतांची पदे आणि लोकांच्या मुखी असलेल्या कथा त्यांनी आधारास घेतल्या. आधुनिक संशोधनाने त्यांतील चमत्कार बाजूला सारले, ते योग्यच झाले. पण कारागिरांचे जीवन हा चरित्राचा विषय होऊ शकतो, हा महिपतींचा विवेकही त्यांबरोबर मागे पडला की काय, याचा विचार झाला पाहिजे.

चित्रकारांपुरते बोलावयाचे तर आपली स्थिती समाधानकारक नाही. पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराचे नाव आज आपणांस ठाऊक आहे, ते मुख्यतः त्याने इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम केले आणि ती चित्रे मॅलेटबरोबर परदेशी जाऊन टिकली म्हणून. वाड्यांच्या भिंती रंगविणारे, पोथ्यांची पाने सजविणारे त्याचे समव्यवसायी अनामच राहिले. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मराठी मुलखातील असंख्य कुटुंबांच्या नोंदी आहेत. वंशावळीसाठी आणि राजघराण्यांच्या इतिहासासाठी त्या पाहिल्या जातात. कारागीर जातींच्या नोंदी कलेच्या व वाङ्मयाच्या इतिहासासाठी पद्धतशीरपणे वाचल्या गेल्या, तर पोथ्यांचे लेखक, चितारी, शाहिरांचे साथीदार यांच्यापैकी काहींची घरे सापडू शकतील. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे असे हे काम आहे. मोडी वाचता येणे आणि धीर असणे, एवढीच त्याची प्राथमिक अट.

अर्थात वही सापडली म्हणजे चरित्र सिद्ध झाले, असे होत नाही. हरिद्वारच्या नोंदीने नैनसुखाचे कुळ आणि काळ दिला; त्याचा स्वभाव दिला तो चित्रांनी. नोंद नसती तर चित्रे एका संस्थानाच्या नावावर पडून राहिली असती, आणि चित्रे नसती तर ती नोंद सहस्रावधी नोंदींपैकी एक ठरली असती. चरित्रकाराने दोन्ही एकत्र वाचावी लागतात. बलवंतसिंहाच्या अस्थी गंगेत सोडल्यानंतर त्याच्या चित्रकाराने वहीत नाव लिहिले आणि शेजारी चित्र काढले, तेव्हा त्याने स्वतःच ही दोन साधने एका पानावर आणून ठेवली होती. ती एकत्र वाचण्यास अभ्यासकांना मात्र दोनशे वर्षे लागली.